मिठा टिवाणाचा सुलतानखान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे एक गाव आहे. नाताळच्या दिवसांत, समुद्रावरून बोचरे वारे वाहत असताना, तेथे बुद्धिबळाचे मोठे सामने भरतात. १९३० साल संपून १९३१ साल उजाडत होते, तेव्हाच्या सामन्यांत वरच्या गटात दहा खेळाडू होते. त्यांत सर्वांच्या नजरा एका खेळाडूकडे वळत होत्या. तो म्हणजे क्यूबा देशाचा होजे राउल कापाब्लांका. वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ नुसता पाहून बुद्धिबळ शिकलेला हा पुरुष १९२१ पासून १९२७ पर्यंत जगज्जेता होता. १९१६ पासून १९२४ पर्यंतच्या आठ वर्षांत तर त्याने स्पर्धेतील एकही डाव गमावला नव्हता. जगज्जेतेपद हातचे गेले असले, तरी त्याला हरवणे ही गोष्ट अजूनही अपूर्वच समजली जात असे.

अशा या कापाब्लांकासमोर एके दिवशी एक सडपातळ, सावळा तरुण येऊन बसला. त्याच्या डोक्यावर फेटा होता. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती, तशी उत्सुकताही दिसत नव्हती. ज्या नियमांनी तो डाव खेळला जाणार होता, ते नियम शिकून त्याला पुरती पाच वर्षेसुद्धा झाली नव्हती. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. त्याचे नाव मीर सुलतानखान.

सुलतानखानाचा जन्म १९०३ साली पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव खुशाबजवळ आहे व ते आता पाकिस्तानात मोडते. त्याचे वडील मियाँ निझाम दीन हे पीर घराण्यातील असून त्यांची थोडीफार जमीन होती. वडिलांना बुद्धिबळाचा नाद होता आणि आपल्या मुलांनाही त्यांनी तो लावला. सुलतान नऊ वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला पटासमोर बसवले. घरात खेळायला जोडीदार होतेच, गावातही होते. मुलगा वाढत गेला तसे एकेक जोडीदार मागे पडू लागले. तो एकवीस वर्षांचा झाला, तेव्हा साऱ्या पंजाबात त्याच्या तोडीचा खेळाडू नाही असे लोक बोलू लागले.

परंतु तो खेळत होता ते बुद्धिबळ आजचे नव्हते. आपल्याकडे पूर्वी वाड्यांच्या सोप्यांवर आणि देवळांच्या ओवऱ्यांत जे देशी बुद्धिबळ रंगत असे, त्याच जातीचा तो खेळ होता. पट तोच, चौसष्ट घरांचा, मोहरीही तीच. राजा, वजीर, दोन उंट, दोन घोडे, दोन हत्ती आणि आठ प्यादी. फरक होता तो चालींत. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे सरकते. पाश्चात्त्य खेळात ते पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. पाश्चात्त्य खेळात राजा व हत्ती मिळून एकाच चालीत किल्लेकोट करतात, म्हणजे राजा कोपऱ्याकडे आसऱ्याला जातो आणि हत्ती त्याच्या शेजारी पहाऱ्याला येतो. देशी खेळात अशी सोय नाही. तेथे राजाला, शह बसलेला नसेल तर, साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. प्यादे पलीकडच्या टोकाला पोहोचले, तर पाश्चात्त्य खेळाडू त्याचा बहुधा वजीर करतो. देशी खेळात ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचते, तेच मोहरे होते. हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, घोड्याच्या घरात गेले तर घोडा. शिवाय महाराष्ट्रात प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत असत, आणि तिच्यासाठी जिंकत आलेला डावही मुद्दाम लांबवणारे शौकीन असत, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

हे फरक वरवर पाहता किरकोळ वाटतात. पण त्यांच्यामुळे खेळाची सारी चालच बदलते. देशी खेळात दोन्ही सैन्ये हळूहळू पुढे सरकतात, आणि खरी झुंज पुष्कळ उशिरा जुंपते. तेथे सुरुवातीच्या चाली पाठ असून भागत नाही. गर्दीत वाट काढण्याचे आणि थोड्या मोहऱ्यांनिशी डाव शेवटास नेण्याचे कसब लागते. युरोपात मात्र शेकडो वर्षांच्या अभ्यासाने पहिल्या दहा-पंधरा चालींचे एक शास्त्रच बनले होते. त्यावर जाडजूड ग्रंथ होते, आणि ते ज्याने वाचले नाहीत तो मोहरी नीट मांडून होण्यापूर्वीच अडचणीत येई. हा पाश्चात्त्य खेळ आपल्या देशात अगदीच अपरिचित होता असे मात्र नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे त्या पद्धतीच्या बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ सालीच छापले गेले होते. पण असली पुस्तके मिठा टिवाणापर्यंत कोठून पोहोचणार?

त्याच टापूत कालरा येथे सर उमर हयातखान टिवाणा नावाचे एक बडे जमीनदार राहत. ते इंग्रज सरकारच्या मर्जीतले, फौजेत हुद्दा मिळालेले, आणि शिकार, ससाणे, घोडे यांचे शौकीन होते. बुद्धिबळाचाही त्यांना असाच शौक होता. सुलतानखानाची कीर्ती त्यांच्या कानी गेली. त्यांनी त्याला आपल्या पदरी ठेवले, त्याच्या खर्चाची व्यवस्था केली आणि पाश्चात्त्य नियम शिकण्यास सांगितले. हे १९२६ च्या सुमाराचे. पूर्वी राजेरजवाडे मल्ल आणि गवई पदरी बाळगीत, तसाच हा प्रकार होता. मल्लाला खुराक मिळे, मान मिळे. पण कोणत्या फडात उतरायचे आणि केव्हा परतायचे, हे मल्ल ठरवीत नसे. सुलतानखानाच्या पुढील आयुष्याचे मर्म यातच आहे.

नवे नियम शिकून दोनच वर्षे झाली, आणि १९२८ साली अखिल भारतीय सामन्यांत सुलतानखान उतरले. नऊ डावांपैकी आठ त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सोडवला, आणि एकही गमावला नाही. पुढल्याच वर्षी सर उमर हयातखान यांची लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर नेमणूक झाली. त्यांच्या लवाजम्याबरोबर सुलतानखानही १९२९ च्या वसंतात इंग्लंडला पोहोचले.

तेथे त्यांची परीक्षा पाहण्यासाठी एक छोटी स्पर्धा ठेवण्यात आली. या स्पर्धेत ते जवळजवळ तळाला राहिले. कारण उघड होते. सुरुवातीच्या चालींत प्रतिपक्षी त्यांना भराभर कोंडीत पकडीत. तो काळ त्यांना फार अवघड गेला असला पाहिजे. परका देश, परकी भाषा, न मानवणारे अन्न, आणि त्यातच पहिल्या घासाला मक्षिका! परंतु त्या स्पर्धेतील दोन नामांकित इंग्रज खेळाडूंनी, विल्यम विंटर व फ्रेडरिक येट्स यांनी, पराभवामागचे बळ ओळखले. या माणसाला सुरुवात येत नाही, पण सुरुवातीच्या वादळातून तो एकदा बाहेर पडला की त्याला आवरणे कठीण आहे, हे त्यांनी ताडले. त्या उन्हाळ्यात दोघांनी त्यांच्याकडून कसून सराव करून घेतला. येट्स हे स्वतः ब्रिटिश अजिंक्यपदाचे मानकरी होते. ज्याला आपण शिकवतो तोच उद्या आपल्याला भारी होईल, याचा त्यांनी विचार केला नाही.

आणि झालेही तसेच. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. तीत सुलतानखान पहिले आले. इंग्लंडात पाऊल टाकून त्यांना अवघे काही महिने झाले होते. इंग्रजांच्या राज्यात राहणाऱ्या एका हिंदी माणसाने इंग्रजांच्याच भूमीवर त्यांचे अजिंक्यपद मिळवावे, याचे त्या काळी किती अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण या यशाची फळे चाखण्यास ते तेथे थांबले नाहीत. धनी हिंदुस्थानात परतले, त्यांच्याबरोबर तेही परतले. आणि १९३० च्या मे महिन्यात धन्याबरोबर पुन्हा युरोपात आले.

१९३० च्या उन्हाळ्यात हँबुर्ग येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या संघांचे सामने झाले. इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर सुलतानखान बसले. हिंदुस्थानचा वेगळा संघ तेव्हा नव्हता. बेल्जियममधील लीएज येथील स्पर्धेत तार्ताकोवर या गाढ्या खेळाडूच्या खालोखाल त्यांचा दुसरा क्रमांक आला. युरोपची हवा मात्र त्यांना मानवत नव्हती. हिवतापाने ते मधूनमधून आजारी पडत; सर्दी आणि घशाचे दुखणे तर पाठ सोडीत नसे. पुष्कळदा गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळूनच ते पटाशी बसत. अशा स्थितीत १९३० च्या अखेरीस ते हेस्टिंग्जला आले आणि कापाब्लांकाशी त्यांचा डाव पडला.

त्या डावाकडे आता वळले पाहिजे. बुद्धिबळाच्या ग्रंथांत तो आजही छापला जातो.

कापाब्लांकाने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे लवकरच किल्लेकोट करून आपला राजा सुरक्षित केला. सुलतानखानांनी तसे केले नाही. त्यांचा राजा मधल्या घरातच राहिला. बाराव्या चालीला त्यांनी घोडा पुढे टाकला व पुढच्याच चालीला घोड्याच्या बदल्यात काळ्याचा एक उंट टिपला. मग चौदाव्या चालीला त्यांनी आपल्या राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे दोन घरे पुढे रेटले. पाहणाऱ्यांना ही चाल चमत्कारिक वाटली असेल. मध्ये राजा उघडा, आणि कडेची प्यादी पुढे, ही कसली तऱ्हा? पण थोड्याच वेळात त्या प्याद्याच्या शेजारचे प्यादेही सरसावले आणि विसाव्या चालीला त्याने काळ्याच्या घोड्याला मोक्याच्या जागेवरून मागच्या ओळीत हाकलून दिले.

कापाब्लांका स्वस्थ बसला नव्हता. त्याने आपले दोन्ही हत्ती एकामागे एक अशा तऱ्हेने एका मोकळ्या उभ्या पट्टीत आणून ठेवले होते. ही बुद्धिबळातील फार जबरदस्त रचना होय. किल्ल्याच्या दरवाजावर दोन हत्ती पाठोपाठ सोडावेत, तसे ते होते. सुलतानखानांनी आपला पांढरा उंट अशा जागी आणला की त्याचा तिरपा मारा मागच्या हत्तीवर आला. तेव्हा कापाब्लांकाने झटक्यात निर्णय घेतला. पुढचा हत्ती त्याने थेट पांढऱ्याच्या शेवटच्या ओळीत घुसवून शह दिला. राजा एक घर पुढे सरकला. लगेच दुसऱ्या हत्तीचा शह! त्या हत्तीला वजिराने मारले, वजिराला पहिल्या हत्तीने मारले, आणि त्या हत्तीला राजाने मारले. धुरळा खाली बसला, तेव्हा पटावरचे चित्र पालटले होते. पांढऱ्याचा वजीर गेला होता; काळ्याचे दोन्ही हत्ती गेले होते.

आता नफा कोणाचा झाला? नवशिक्याला विचारले तर तो काळ्याचा झाला असे म्हणेल, कारण वजीर हे पटावरचे सर्वांत प्रबळ मोहरे. तो एकटा उभा, आडवा, तिरपा असा चोहोकडे धावतो. विरुद्ध राजा उघडा असेल तर लागोपाठ शह देऊन तो त्याला सळो की पळो करून सोडतो. पण दोन हत्ती एकमेकांचा आधार घेऊन चालू लागले, तर ते वजिरालाही भारी पडतात. मात्र त्यासाठी राजा शहांपासून सुरक्षित हवा, आणि हत्तींना जुळवून घ्यायला वेळ हवा. कापाब्लांकाची सारी मदार, पांढऱ्याचा राजा मोकळ्यावर आहे, यावर असावी. त्याने वजिराचा शह दिला आणि मग वजीर सुलतानखानांच्या गोटात खोलवर शिरवला.

पण तेथे त्याला करण्यासारखे काहीच सापडले नाही. सुलतानखानांचा राजा दुसऱ्या ओळीत आपल्याच मोहऱ्यांच्या व प्याद्यांच्या आडोशाला उभा होता. शह देण्याजोगी एकही फट उरली नव्हती. किल्लेकोट नसलेल्या खेळात ज्याचे बालपण गेले, त्याला राजाला मैदानातच सांभाळण्याची विद्या कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. जी गोष्ट त्यांचे वैगुण्य समजली जात होती, ती येथे त्यांच्या उपयोगी पडली असे म्हणता येईल. एकेक करून त्यांनी दोन्ही हत्ती त्याच मोकळ्या पट्टीत आणले, जेथून कापाब्लांकाचे हत्ती नुकतेच नाहीसे झाले होते. काळ्याचा वजीर कधी या घरात तर कधी त्या घरात येरझारा घालू लागला. पण हल्ला करण्यास नव्हे, तर आपली प्यादी राखण्यास. राजाने सेनापतीला रणांगणावर पाठवावे आणि त्याला धान्याच्या कोठाराची राखण करावी लागावी, तशी त्या वजिराची गत झाली.

यापुढच्या चाळीस चालींत डोळे दिपवणारे काहीही नाही. घाईघाईने घाव घालायचा मोह सुलतानखानांना झाला नाही. ते एक चाल पुढे टाकीत, काळ्याची एक वाट बंद करीत, आणि पुन्हा वाट पाहत. कापाब्लांकाला ही लढाईची रीत परकी नव्हती. डावाच्या अखेरीस प्रतिपक्ष्याला असेच हळूहळू आवळण्यात साऱ्या जगात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज मात्र तो आवळला जात होता. पासष्टाव्या चालीला त्याने हार मान्य केली.

त्या स्पर्धेत नऊ डावांत कापाब्लांकाचा पराभव एवढाच. हॉलंडचा माक्स ऊवे पहिला आला, कापाब्लांका दुसरा व सुलतानखान तिसरे. पण स्पर्धेनंतर जिकडेतिकडे बोलले गेले ते तिसऱ्याबद्दल. पुढे खुद्द कापाब्लांकाने त्यांच्याविषयी लिहिताना असामान्य प्रतिभा या अर्थाचा शब्द वापरला, आणि तो शब्द तो सहसा कोणाविषयी वापरीत नसे.

१९३१ साली तार्ताकोवरशी सुलतानखानांचा बारा डावांचा सामना झाला व तो त्यांनी एका गुणाने जिंकला. त्याच वर्षी प्राग येथील राष्ट्रांच्या सामन्यांत ते पुन्हा इंग्लंडच्या पहिल्या पटावर होते. तेथे त्यांनी सालो फ्लोर व अकिबा रुबिन्स्टाइन या दोन दिग्गजांना हरवले, आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखिन याला बरोबरीत रोखले. एकंदर सतरा डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या, आणि फक्त दोन पराभव. ब्रिटिश अजिंक्यपदासाठी ते चार वेळा खेळले. त्यांपैकी १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ते त्यांना मिळाले. १९३३ साली हेस्टिंग्जला आणखी एक नवलाची गोष्ट घडली. स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपद फातिमा या तरुणीने पटकावले. तीही सर उमर हयातखान यांच्याच घरातील मंडळींपैकी होती. एकाच वर्षी, एकाच गावी, एकाच घरच्या दोन हिंदी खेळाडूंनी इंग्लंडची दोन्ही अजिंक्यपदे जिंकली!

या काळातील सुलतानखानांविषयी नाना कथा पसरल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून बुद्धिबळाची पुस्तके त्यांना निरुपयोगी होती, असे काही परदेशी खेळाडूंनी पुढे लिहून ठेवले. ते धन्याच्या घरी पंगतीला वाढण्याचे काम करीत, असेही कोणी लिहिले. त्यांच्या घरच्या मंडळींना हे मुळीच मान्य नाही. ते साक्षर होते, चांगल्या कुळातले होते, कोणाचे नोकर नव्हते, असे ते सांगतात. परक्या भाषेत गप्प राहणाऱ्या माणसाला पाहणारे लोक आपल्या समजुतीप्रमाणे रंगवतात. तेव्हा अशा गोष्टी ऐकताना सावध राहिलेले बरे. एवढे मात्र निश्चित की ते मितभाषी होते, विनयशील होते, आणि जिंकले काय किंवा हरले काय, त्यांच्या मुद्रेवर फरक दिसत नसे.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर हयातखान हिंदुस्थानात परतले. सुलतानखानही परतले. त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते. बुद्धिबळपटूच्या ऐन उमेदीचा काळ तो हाच. जगातील पहिल्या दहा खेळाडूंत त्यांची गणना होत होती, आणि अवघी पाच वर्षे त्यांना युरोपात मिळाली होती. त्यांतलेही काही महिने मायदेशी गेले. परत जायचे की राहायचे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला होता किंवा नाही, कोण जाणे. पण असे सांगतात की इंग्लंडचा दमट गारठा सोडताना त्यांना बंदिवासातून सुटल्यासारखे वाटले. जगाला हळहळ वाटली. त्यांना स्वतःला कदाचित हायसे वाटले असेल.

१९३५ साली त्यांचा एका महाराष्ट्रीय खेळाडूशी सामना झाला. हे विनायक काशिनाथ खाडिलकर. १९२४ साली खाडिलकरही ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आले होते, म्हणजे पाश्चात्त्य खेळ त्यांना नवा नव्हता. दहा डाव झाले. त्यांपैकी नऊ सुलतानखानांनी जिंकले. खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला. हातचे कसब काडीइतकेही कमी झालेले नव्हते, हे या सामन्यावरून कळते. पण यानंतर मोठ्या स्पर्धेत त्यांचे नाव दिसत नाही. युरोपात महायुद्ध पेटले. १९४४ साली सर उमर हयातखान वारले. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सुलतानखानांचे गाव पाकिस्तानात गेले. ते आपल्या थोड्या जमिनीवर शेती करीत राहिले. पाच मुलगे व सहा मुली असा त्यांचा मोठा संसार होता.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने श्रेष्ठ खेळाडूंना प्रथमच ग्रँडमास्टर हा किताब दिला. ज्यांचे खेळण्याचे दिवस केव्हाच सरले होते, अशा जुन्या खेळाडूंचाही त्या यादीत समावेश होता. तार्ताकोवर, फ्लोर, रुबिन्स्टाइन, ऊवे ही नावे तीत होती. सुलतानखान तेव्हा हयात होते, परंतु त्यांचे नाव त्यात नव्हते. त्यांच्याकडून त्याबद्दल तक्रार आली, असे कोठे नमूद नाही.

मुलांनी बुद्धिबळ शिकवा म्हटले, तर मात्र ते ऐकत नसत. याहून उपयोगाचे काहीतरी करा, असे ते मुलांना सांगत. आपल्या वडिलांनी आपल्याला नवव्या वर्षी जे दिले, ते आपल्या मुलांना देण्यास हा माणूस राजी नव्हता. असे का, याचा विचार वाचणाऱ्याने आपल्या मनाशी करावा.

२५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचा अंत झाला. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. त्यांच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे झाली होती.